मेस्सीची चरित्रे झाली, आता खेळायला शिकवणारे पुस्तक हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आपल्या अंकात फुटबॉल शिबिरांच्या बातम्या आणि जाहिराती दिसू लागतात. कोल्हापुरात त्याचे कुणाला नवल नाही. विश्वचषक आला की पेठापेठांत अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे आणि माणसाच्या कितीतरी पट उंच कटआउट लागतात, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की शाहू स्टेडियमची गॅलरी भरते. शिवाय आपल्या अनिकेत जाधवने २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातल्यापासून प्रत्येक आईवडिलांना आपल्या पोरात एक अनिकेत दिसतो. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. एवढ्या फुटबॉलवेड्या गावात मुलाच्या हाती मराठीतून द्यावे असे फुटबॉलचे एक पुस्तक आणि त्याला शिकवणाऱ्या सरांच्या हाती द्यावे असे दुसरे, ही दोन मला माझ्या कपाटात हवी आहेत आणि मिळत नाहीत. त्यासाठी हे पत्र.

कपाटात काय आहे, तर मेस्सी आणि रोनाल्डो. दोघांच्या चरित्रांची पाने मुलांनी हाताळून पिवळी केली आहेत. पण बहुतेक चरित्रांचा साचा एकच: गरिबी, जिद्द, करंडक, शेवटी यशाची सूत्रे. त्या मुलाने पहिला पास उजव्या पायाने दिला की डाव्या, बचावपटू अंगावर आला तेव्हा मान वर करून काय पाहिले, याचा पत्ताच नसतो. मुले पुस्तक नेतात, फोटो बघतात, परत आणतात. दुसरा प्रकार नियमांच्या पुस्तिकांचा. मैदानाची लांबी-रुंदी, चेंडूचा परीघ, एकूण १७ नियम. बी.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, परीक्षेला त्या उपयोगी पडत असतील. पाचवीतले मूल दुसरे पान उलटत नाही.

खरे तर याच नियमांत गोष्टी दडलेल्या आहेत. १९१२ पर्यंत गोलकीपर आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताने पकडू शकत असे, हे एकदा वर्गात सांगून बघा. पुढची दहा मिनिटे प्रश्न थांबत नाहीत. आक्रमकाला पुढे पास घ्यायचा, तर तो आणि गोलरेषा यांच्यामध्ये पूर्वी प्रतिस्पर्ध्याचे निदान तीन खेळाडू लागत, नाहीतर तो ऑफसाइड. १९२५ साली ते दोनावर आणले आणि गोलांचा पाऊस सुरू झाला. एवढे सांगितले की ऑफसाइड कशासाठी, हे निम्म्या वर्गाला आपोआप कळते. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हे १९९२ साली ठरले. वेळकाढूपणाला लोक कंटाळले होते. पिवळे-लाल कार्ड इंग्रज पंच केन ॲस्टन यांना सिग्नलचे दिवे पाहून सुचले आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पहिल्यांदा पंचांच्या खिशात आले. हे सगळे चित्रांसह, मोठ्या टायपात, ८० पानांत मावेल.

आपल्या घरच्या गोष्टीही आहेतच. १९११ साली २९ जुलैला कोलकात्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाला २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड ही स्पर्धा जिंकली, तेव्हा एक खेळाडू सोडला तर बाकीचे सारे अनवाणी होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा या गोवेकर आघाडीपटूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. किती मराठी मुलांना हे नाव माहीत आहे? आणि मुलींसाठी एक वेगळा धडा हवाच. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५० हजारांहून जास्त लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने महिलांना बंद केली. ती बंदी तब्बल ५० वर्षे टिकली! आमच्या शाळेतल्या मुलींना हे ऐकून राग येतो. येऊ दे की.

गोष्टीरूप पुस्तकांचे तर बोलायलाच नको. बंगालीत मती नंदींनी किशोरवयीन वाचकांसाठी 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर' या कादंबऱ्या लिहून कोलकात्याचे मैदान साहित्यात आणले. पेठांतली ईर्ष्या, तालमीचे कार्यकर्ते, पावसाने चिखल झालेले ग्राउंड, हरल्यावर गल्लीत तोंड लपवत जाणारा गोलकीपर, एवढा कच्चा माल आपल्याकडे पडून आहे आणि लेखकांचे लक्ष क्रिकेटवरून हलत नाही.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे येते. माझ्या लेखी ते जास्त तातडीचे आहे. शाळांत फुटबॉल शिकवणारे बहुतेक जण शारीरिक शिक्षणाचे शिक्षक असतात किंवा तालमीचे जुने खेळाडू. त्यांच्या तळमळीबद्दल दुमत नाही. पण मी खिडकीतून रोज काय पाहते? वीस मुलांची रांग, पुढे खुणेचे चार शंकू, चेंडू एक. पाळी आली की मूल एकदा चेंडू नेऊन आणते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. तासाभरात त्याच्या पायाला चेंडू लागतो तो मोजून काही मिनिटे. मग सामना, तोही अकरा विरुद्ध अकरा, मोठ्यांच्या मैदानावर, मोठ्यांच्याच पाच नंबरच्या चेंडूने. आठ वर्षांची पोरे गुळाच्या ढेपेला मुंग्या लागाव्यात तशी चेंडूभोवती गोळा होतात आणि सर ओरडतात, "जागा धरा, जागा!" त्या वयात जागा धरणे कळतच नाही. मुलांचे काही चुकलेले नसते. मैदान मोठे असते आणि संघही.

बाहेर यावर बरेच काम झाले आहे. मूळचे हॉकीतले जर्मन प्रशिक्षक हॉर्स्ट वाइन यांनी तीन विरुद्ध तीन आणि चार छोटे गोल असा खेळ मांडला. दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल असल्याने मुलाला गर्दी कुठे नाही हे बघावेच लागते. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून अगदी लहान गटांत देशभर असेच छोटे सामने लागू केले. तिथे गुणतक्ताही ठेवत नाहीत. आपल्याकडे त्यासाठी काय लागेल? चार विटा, आठ चपला आणि थोडा चुना. आणि चेंडू: सात-आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, पुढे बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा.

हेडिंगचे, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचेही तसेच. ग्लासगोतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये जुन्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचे मृत्यू तपासले, तेव्हा स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात साधारण साडेतीन पट आढळले. हेडिंगमुळेच ते होते असे त्यातून सिद्ध झाले नाही, पण इंग्लंडने पुढच्या वर्षी प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडिंग काढण्याची सूचना दिली, अमेरिकेने तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याआधीच बंदी घातली होती. इथे मात्र चौथीतल्या मुलांना ओळीने हेडिंगचा सराव देताना मी पाहिले आहे. सरांना कुणी हे सांगितलेच नाही तर दोष त्यांना कसा द्यायचा? सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी '११+ किड्स' नावाचा सात व्यायामांचा वॉर्म-अप आहे, पंधरा-वीस मिनिटांचा. युरोपातल्या चार देशांत तो हजारो मुलांवर करून पाहिला, तेव्हा दुखापती जवळपास निम्म्याने घटल्या. त्याची इंग्रजी पुस्तिका फुकट मिळते. ती मराठीत, इथल्या मैदानांच्या फोटोंसह, प्रत्येक शाळेत का असू नये?

त्या पुस्तकात आणखी एक प्रकरण पालकांसाठी असावे, आणि ते छोटे असावे, कारण वाचणार नाहीत. लाइनीवर उभे राहून पोराला "मार की! मार!" म्हणणाऱ्या बापाला एकच पान पुरे.

हे कोण करणार, असा प्रश्न येईलच. मराठीला याचे वावडे कधी नव्हते. बडोद्याहून मजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, तेही इंटरनेट नसताना. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून निघते आहे. त्यात वर्षभर चालणारे फुटबॉलचे सदर सुरू झाले तरी वर्षअखेर पहिले पुस्तक तयार होईल. साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वस्त आवृत्ती काढली, तर खेड्यातल्या ग्रंथालयालाही ती परवडेल. मजकूर तालमीच्या जुन्या खेळाडूंकडून तोंडी घ्यावा, बालरोगतज्ज्ञाने आणि परवानाधारक प्रशिक्षकाने तपासावा आणि चित्रे चांगल्या चित्रकाराकडून काढून घ्यावीत. काटकसर करायची तर कागदात करा, चित्रांत नको. करवीर नगर वाचन मंदिरासारखे १८५० पासूनचे ग्रंथालय गावात असताना पहिले वाचन कुठे करायचे, हा प्रश्नही पडू नये.

तोवर आपल्याला एक विनंती. क्रीडा पानावर तालमींच्या सामन्यांना आपण भरपूर जागा देता, ती कमी करू नका. पण आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी सराव असतो म्हणून शुक्रवारी, अर्धा स्तंभ फक्त मुलांच्या प्रशिक्षकांसाठी द्या: एक छोटा खेळ, त्याची आकृती आणि तो कोणत्या वयाच्या मुलांसाठी आहे ते. कात्रणे काढून वहीत चिकटवण्याचे काम मी आमच्या शाळेत करीन.

आपली विश्वासू,
एक शालेय ग्रंथपाल,
मंगळवार पेठ, कोल्हापूर