चेकगोरी ही नक्कल नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोरियातील ‘चेकगोरी’ या चित्रप्रकाराची ओळख करून देणारा लेख आवडीने वाचला. मात्र ही चित्रे म्हणजे युरोपीय स्थिरचित्रांची (फुले, फळे, भांडी अशा निर्जीव वस्तूंच्या मांडणीच्या चित्रांची) कोरियन आवृत्ती होय, हे त्यातील विधान पटले नाही.

यथादर्शन (दूरच्या वस्तू लहान दाखवून चित्रात खोली आणण्याची पद्धत) आणि छायाप्रकाशाचे तंत्र बीजिंगला चीनच्या छिंग सम्राटांच्या दरबारात काम करणाऱ्या जेझुइट पंथाच्या युरोपीय मिशनरी चित्रकारांकडून आले, हे खरेच. पण ‘चेकगोरी’ या शब्दाचाच अर्थ ‘पुस्तके आणि इतर वस्तू’ असा असून तिचा जीव पुस्तकांत आहे. राज्यावर येताच, 1776 मध्ये, ग्युजांगगाक हे राजग्रंथालय स्थापणाऱ्या कोरियाच्या जोंगजो राजाने 1791 मध्ये सिंहासनामागे सूर्य, चंद्र आणि पाच शिखरे रंगवलेल्या, घड्या घालून उभ्या करायच्या रूढ पडद्याऐवजी पुस्तकांच्या फडताळाचे चित्र लावले आणि वाचायला सवड नसते तेव्हा हे चित्र पाहून मन रमवतो, असे दरबाऱ्यांना सांगितले. सुकलेली फुले आणि कवटी मांडून आयुष्याची नश्वरता सुचवणाऱ्या युरोपीय चित्रांशी याचे नाते दूरचेच म्हणावे लागेल.

दरबारी चित्रांवर सही करण्याची प्रथा नव्हती. यी ह्योंग-रोक या चित्रकाराने मात्र फडताळातल्या वस्तूंमध्येच एक शिक्का आडवा पाडून त्यावर स्वतःचे नाव वाचता येईल असे रंगवले. पुढे त्याने दोनदा नाव बदलल्यामुळे त्या शिक्क्यावरून पडद्याचा काळही ठरवता येतो. (ही चतुराई लेखात यायला हवी होती.)

एकोणिसाव्या शतकात ही चित्रे सामान्यांच्या घरांत पोहोचली, तेव्हा अनेकदा फडताळच नाहीसे झाले, पुस्तकांच्या चळती मागे जाताना निमुळत्या होण्याऐवजी रुंदावू लागल्या आणि दौत-कुंचल्याशेजारी पुष्कळ संततीची इच्छा सांगणारी, बियांनी भरलेली डाळिंबे व कलिंगडे आली. लेखकाने याला ‘कच्चे यथादर्शन’ म्हटले आहे. मला तर त्यात, बाहेरून आलेला नियम आपल्या कामापुरता वाकवणाऱ्या चित्रकारांचा मोकळेपणा दिसतो.

एक विनंती. लेखासोबत पडद्याची एकच घडी छापली होती. फडताळाच्या दोन्ही बाजू मध्याकडे कशा वळतात हे आठही घड्या एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही, तेव्हा शक्य झाल्यास संपूर्ण पडद्याचे छायाचित्र पुढील अंकात द्यावे.

आपला,
एक नियमित वाचक