साक्षीत माझं नाव नव्हतं

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर बोलायला घेतलं की आई, तू "जेवलीस का?" विचारतेस आणि माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून लिहिते आहे.

जानेवारीतली गोष्ट आहे. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीमुळे रिक्षावाला होम मैदानाकडून यायला तयार नव्हता, म्हणून आपण चर्चला चालतच गेलो. देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, म्हणजे साक्षीची वेळ आली, तेव्हा बाबा, तुम्ही काळा चष्मा लावूनच उभे राहिलात. म्हणालात, प्रभूने दृष्टी परत दिली. आणि मुलाने-सुनेने महिनाभर वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घातले, त्यांच्यासाठी देवाचे उपकार मानतो. एवढं बोलून बसलात.

माझं नाव नव्हतं. "ऑपरेशनचे 42 हजार मी भरले," हे एकच वाक्य उपासना संपेपर्यंत माझ्या डोक्यात घुमत होतं. शेवटचं गीत कोणतं झालं तेही आठवत नाही. घरी आल्यावर वहिनीशी मी तुटक बोलले. तिला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

परतीच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कुर्डुवाडी येईपर्यंत मी हिशेबच करत होते: दादाने किती केलं, मी किती. मग बायबलमधल्या लूक 15 मधला, उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला मुलगा आठवला. शेतातून येतो, सगळं उधळून परतलेल्या धाकट्या भावासाठी घरात वाजंत्री ऐकतो आणि उंबऱ्याबाहेरच अडून बसतो. इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाहीत, असं बापाला ऐकवतो. लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत मला त्याचंच बरोबर वाटायचं. आता कळतं, बापाच्या घरात राहून तो मजुरी मोजत होता. तो निदान घरी राहून राबत तरी होता. मी पुण्यात बसून मोजत होते. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलंच नाही. त्या दिवशी गाडीत मला ते फार लागलं.

पण त्याहून जड गोष्ट नाताळची आहे. आई, घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या कॅरल पार्टीची जबाबदारी आहे म्हणून मी आले नाही आणि तू म्हणालीस, "देवाचं काम आहे, कर." मार्क 7 मध्ये येशू परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, ज्या गोष्टीवरून बोलतो, ती मी त्यानंतर पुन्हा वाचली. आईबापांना जे द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं एकदा म्हटलं की मुलगा मोकळा, अशी तेव्हा सोय होती. आईबापांचा मान राखण्याची पाचवी आज्ञा अशा रीतीने देवाचंच नाव पुढे करून मोडली जायची. माझी कॅरल पार्टी हे माझं कुर्बान होतं. मी नसते तरी ती निघाली असती. तिथे माझं कौतुक होतं. आणि घरी आलं की बाबांचा चहाचा कप थरथरताना दिसतो, आई जिना चढताना मध्येच थांबते. ते पाहायची मला भीती वाटते. नाताळला न येण्याचं खरं कारण ते होतं.

"पुण्याला राहायला या" हा माझा हट्टही मी तपासून पाहिला. त्यात काळजी आहे, ती खोटी नाही. पण रात्री फोन वाजला की माझा जीव उडतो, तो उडू नये, हेही त्यात आहे. मुलीने सांभाळलं असं चारचौघांत म्हटलं जावं, हेसुद्धा आहे. बाबा, तुमचा सगळा जन्म मागांच्या खडखडाटात गेला. तुमच्यासोबत पाळी केलेली माणसं संध्याकाळी कट्ट्यावर भेटतात, ती सोलापुरात. त्यांच्याशिवाय तुम्हाला कसं वाटेल, हे मी विचारलंच नाही.

पैसे मात्र मी पाठवतच राहणार. मन अगदी स्वच्छ होईपर्यंत थांबले तर तुमची औषधं कशी यायची? मत्तय 6 मध्ये येशू दानधर्म बंद करा म्हणत नाही, देताना कर्णा वाजवू नका म्हणतो. डोळ्याला पट्टी बांधलेला बाबांचा फोटो मी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, तो कर्णाच होता. लहानपणी कौटुंबिक प्रार्थनेत बाबा, तुम्ही स्तोत्र 139 वाचायचात. "माझी झडती घे" हे शब्द आले की तुमचा आवाज खाली जायचा. तेव्हा झडती म्हणजे पोलीस घेतात ती, एवढंच मला माहीत होतं.

वहिनीला आज फोन केला. त्या दिवशी माझ्या मनात काय होतं ते सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तुम्ही या. मला माहेरी जायचंय, दोन वर्षं झाली." तिला माहेरी जाऊन दोन वर्षं झाली, हे मला ठाऊकच नव्हतं.

तारीख ठरली की दादाला कळवायला सांगा, मी 15 दिवसांची रजा टाकते. थेंब कसे घालायचे ते वहिनी जाण्याआधी शिकवणार आहे. पुण्याचा विषय मी काढणार नाही. तुम्हाला काय हवंय ते तुम्ही मला सांगा, मी ऐकेन.

तुमची,
मंजू