वहीत एक ओळ लिहिणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं काका म्हणतो.

त्या रविवारी खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याच्या अलीकडे आमची पद्मिनी गाडी बंद पडली. खडखड नाही, धूर नाही, चालता चालता इंजिन एकदम गप्प. मागच्या सीटवर आई होती. बाबांना जाऊन सात महिने झालेत आणि तेवढ्यात हे पाचव्यांदा घडत होतं.

त्याआधी दोन गॅरेजं झाली होती. एकाने पेट्रोलचा पंप बदलला, कार्बोरेटरचं किट टाकलं, मग ठिणगी तयार करणारी कॉईलही बदलली. दुसऱ्याने गाडी चालवूनही न बघता सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा भंगारात घाला. १९८४ साली बाबांनी घेतलेली गाडी, आणि हे तो आईच्या देखत बोलला. पैसे गेले त्याचं सोडा. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या रविवारी रस्त्याकडेला तुम्ही मात्र बॉनेटला हातही न लावता विचारलंत, "गरम झाल्यावरच बंद पडते का? आणि किती वेळाने परत चालू होते?" पाऊण तासाने होते, म्हटल्यावर नुसती मान हलवलीत. सात महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं! मग कॉईलची जाड वायर इंजिनाजवळ धरून मला स्टार्टर मारायला लावलात. ठिणगी निळी हवी, ही पिवळट आणि मरतुकडी होती. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर आत पॉईंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं, जळून काळे पडलेले. "कंडेन्सर. तापला की दम सोडतो." पॉईंट उघडताना करंट झेलायचं काम त्याचं, ते त्याने केलं नाही की ठिणगी पॉईंटमध्येच जळते आणि प्लगपर्यंत जोरच पोचत नाही. अंगठ्याएवढी नळकांडी, आणि तिच्यापायी आम्ही गाडी विकायला निघालो होतो.

मुंबईत तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, म्हणालात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली त्याबद्दल बोलताना तुम्ही दुसरीकडे बघत होतात. टॅक्सी गेली, पण तिच्या सुट्या भागांचा पत्र्याचा डबा तुम्ही जपून ठेवलात. त्यातला कंडेन्सर आमच्या गाडीत बसला.

पण हे पत्र त्या कंडेन्सरसाठी नाही.

गाडी चालू झाल्यावर तुम्ही विचारलंत, "वडील काही लिहून ठेवायचे का?" आईने डॅशबोर्डच्या खणातून वही काढली. ऑईल कधी बदललं, पॉईंट कधी घासले, किती किलोमीटरला, सगळं बाबांच्या अक्षरात. आधीच्या दोघांनाही मी ती दाखवली होती, त्यांनी उघडलीसुद्धा नाही. तुम्ही आधी हात पुसलेत. रुमालाने पुसून समाधान झालं नाही, म्हणून बाटलीतलं पाणी घेऊन धुतलेत. मग चष्मा लावून सावकाश वाचलंत. शेवटी माझ्याकडे पेन मागितलंत आणि बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख, किलोमीटर आणि 'कंडेन्सर बदलला, पॉईंट घासले' एवढंच लिहिलंत. सही नाही, काही नाही.

सात महिने त्या नोंदीखालची जागा कोरी होती. तिथे काही लिहायला माझा हात धजत नव्हता. आईने ती ओळ बोटाने वाचली आणि ती रडली. तुम्ही तेव्हा मुद्दाम डबा आवरत बसलात, तेही मी पाहिलं. माणसाने माणसाशी कसं वागावं हे मला कुणी विचारलं, तर मी तो रस्त्याकडेचा अर्धा तास सांगेन.

पैसे घेतले नाहीत, निदान चहाला तरी या. परवा पुन्हा घाट चढून आलो, गाडी कुठेच थांबली नाही. पॉईंट मी स्वतः तपासले आणि वहीत तुमच्या ओळीखाली माझी पहिली ओळ लिहिली. अक्षर बाबांसारखं येत नाही, पण आई म्हणाली, चालेल.

तुमचा,
पद्मिनीवाला