फिरते चुंबकीय क्षेत्र : तयार चित्रफीत नको, स्लायडर हवा

महोदय,

अभियांत्रिकीच्या वर्गात थ्री-फेज इंडक्शन मोटर शिकवायची वेळ आली की हल्ली इंटरनेटवरचे तयार ॲनिमेशन लावले जाते. हेतू योग्यच आहे. तारांची वेटोळी (वाइंडिंग) जागच्या जागी असताना फिरते ते नेमके काय, हे फळ्यावरच्या आकृतीतून उमगणे फार कठीण. पण यातल्या अनेक चित्रफिती चुकीचे शिकवतात, आणि डोळ्यांनी पाहिलेली चूक पुसायला जास्त वेळ लागतो.

सर्वांत घातक चूक म्हणजे रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, वेटोळ्यांच्या चुंबकीय क्षेत्राच्या बरोबरीने फिरताना दाखवणे. तसे झाले तर रोटरच्या सळ्यांना क्षेत्र छेदणारच नाही, विद्युतप्रवाह निर्माण होणार नाही आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, शून्य होईल. ५० हर्ट्झवर चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचे क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, पण नेमप्लेटवर १४४० लिहिलेले असते. म्हणजे क्षेत्राच्या २५ फेऱ्यांत रोटर २४ फेरे घेतो. एक-दोन फेऱ्यांत हा फरक दिसत नाही. तेव्हा स्लिप, म्हणजे रोटरचे क्षेत्राच्या मागे पडणे, २० टक्के दाखवावी आणि ती मुद्दाम वाढवली आहे, असे पडद्यावरच लिहावे. दुसरी चूक : चित्रात तीनच वेटोळी, म्हणजे दोन पोलची रचना, आणि निवेदनात मात्र १५०० फेरे. दोन पोलला ते ३००० हवेत. वेगही खरा ठेवून चालत नाही. सेकंदाला २५ चौकटींच्या चित्रफितीत सेकंदाला २५ फेरे घेणारा बाण स्थिरच दिसेल!

जिओजेब्रा या गणिती आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही आकृती शिक्षकाला स्वतः करता येते. ० ते ३६० अंशांचा कोनाचा स्लायडर (सरकवून आकडा बदलायची पट्टी) घ्यावा, पायरी ५ अंशांची. पहिला सदिश, म्हणजे पहिल्या वेटोळ्याच्या क्षेत्राचा बाण, ० अंशाच्या दिशेने, लांबी कोनाची कोसाइन. दुसरा १२० अंशांच्या दिशेने, लांबी (कोन − १२०) ची कोसाइन. तिसऱ्यासाठी दोन्हीकडे २४०. कोसाइन ऋण आली की बाण उलटा वळला पाहिजे. तिघांची बेरीज जाड बाणाने दाखवावी. तिची लांबी सतत १.५ राहते, फक्त दिशा फिरते. ती कमी-जास्त होत असेल तर सूत्रात कोन चुकला आहे. शेजारी तिन्ही प्रवाहांचे तरंग आणि त्यांवर सरकणारी उभी रेघ हवीच, नाहीतर बाणांचा प्रवाहाशी संबंध लागत नाही.

एक आवर्तन दहा-बारा सेकंदांत व्हावे. त्याआधी ०, ६० आणि १२० अंशांवर थांबून पुढचा बाण कुठे येईल ते मुलांनी वहीत काढावे आणि मगच स्लायडर सरकवावा. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ॲनिमेशनवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा तीच माहिती देणाऱ्या स्थिर चित्रांपेक्षा ॲनिमेशन सरस असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नव्हता. सरकते चित्र डोळ्यांसमोरून निघून जाते. ते थांबवता, मागे नेता आले तरच विचाराला जागा मिळते.

शेवटी सूत्रातल्या १२० आणि २४० या वजाबाक्यांची अदलाबदल करायला लावावी. बाण उलटा फिरू लागतो. प्रयोगशाळेत पुरवठा बंद करून मोटरच्या कोणत्याही दोन फेजच्या वायरची आपसांत अदलाबदल केली की हेच घडते, आणि तो प्रयोग त्याच आठवड्यात व्हावा.

विद्यापीठांनी आणि तंत्रशिक्षण मंडळाने अभ्यासक्रमासोबत चित्रफितींच्या दुव्यांऐवजी अशा बदलता येणाऱ्या फायली, मराठी नावांसह, द्याव्यात. त्या जुन्या संगणकावरही चालतात.

— विद्युत अभियांत्रिकीचे एक अध्यापक, सांगली