छातीवरचा दगड खरा, डोक्यातला थ्रेशर खोटा?

महोदय,

खेड्यांतील मानसिक आजारांवरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. ग्रामीण रुग्णांना लक्षणे नीट सांगता येत नाहीत, हे त्यातले विधान पटले नाही. सांगता येतात, ऐकणाऱ्याला ती खरी वाटत नाहीत. मी स्वतः मानसिक आजाराची औषधे घेतो. ‘डोक्शात थ्रेशर चालू हाये, रातभर बंदच होत नाही,’ असे मी सांगितले तेव्हा घरच्यांनी ‘बाहेरचं’ पाहणारा बोलावला आणि दवाखान्यात केसपेपरवर ‘अशक्तपणा’ एवढेच लिहिले गेले.

छातीवर दगड ठेवल्यागत वाटते म्हणणाऱ्याला मात्र, दगड कुठे आहे, असे कोणी विचारत नाही. लगेच ईसीजी काढतात. तीही उपमाच की!

उपचारांत मानसिक रुग्णाला शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवावे, असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 21 सांगते. ही बरोबरी केसपेपर लिहितानाच सुरू व्हावी. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि पुढचे विचारावे: थ्रेशर कधी सुरू होतो, कशाने मंदावतो, जीव द्यावासा वाटतो का? आमच्या कपाशीच्या पट्ट्यात तर शेवटचा प्रश्न टाळून चालणारच नाही.

‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येते. तो लेखाखाली छापायला हवा होता.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ