लायब्ररीवाल्या काकूंना, कॉटखालच्या भुताबद्दल मनापासून थँक्यू

काकू, नमस्कार.

हे तुम्हाला समोर सांगायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणत चहा टाकायला उठता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आणि इंदिरानगरातल्या, खरं तर अख्ख्या नाशिकमधल्या आईबाबांना पण कळू दे की तुमच्या पार्किंगशेजारच्या त्या छोट्याशा खोलीत, दोन लोखंडी कपाटांमध्ये काय काय भरून ठेवलंय.

लेक साडेचार वर्षांची असताना अंधाराला घाबरायला लागली ते साधंसुधं नव्हतं हो. बाथरूमला एकटी जायची नाही, कॉटखाली बॉल गेला तर तो तिथेच सोडून द्यायची, झोपताना ट्यूबलाईट चालूच पाहिजे आणि पावसाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायच्या आत अशी किंचाळायची की शेजारचे दार उघडून बघायचे. घरी येणारा प्रत्येक जण हेच सांगायचा की अगं काही नसतं तिथे, टॉर्च मारून दाखवायचा, बघ, आहे का कुणी? आणि ती म्हणायची, उजेड पडला की ते जातं ना! आता यावर काय बोलणार?

तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत तिला विचारलंत, "कसं दिसतं गं ते? दात आहेत का त्याला?" तिने जरा विचार करून सांगितलं, दोनच आहेत. मग तुम्ही "दोनच? मग चपाती कशी खात असेल ते" असं अगदी काळजीने म्हणालात आणि कपाटातून ते चिकटपट्टी लावलेलं पुस्तक काढलंत, कॉटखाली राहणाऱ्या भुताचं, जे कुकरच्या शिट्टीला घाबरून चादरीत तोंड खुपसतं. त्या भुताचं पहिलं चित्र खरंच भीतिदायक आहे बरं का, अख्खं पान काळं आणि मधे फक्त दोन पिवळे डोळे. मला वाटलं झालं, आता ही रडणार. ती तुमच्या मांडीला चिकटली पण नजर पानावरून हलेना. तुम्ही आवाज अगदी खाली आणलात, आणि पान उलटायची वेळ आली तेव्हा हात मागे घेतलात. म्हणालात, "तू उलट, तुला पाहिजे तेव्हा. नकोच वाटलं तर मिटून टाक, ते आत राहतं."

तिने मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. तुम्ही घाई केली नाहीत, मधेच काही समजावलं नाहीत, नुसत्या बसून राहिलात, आणि मग तिने एका झटक्यात पान उलटलं तर पलीकडे ते भूत कानात बोटं घालून बसलेलं, आणि ती जी हसली काकू, ते हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं. पुस्तक घरी आणल्यावर रात्री झोपताना ती त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवायची, भूत बाहेर यायला नको म्हणून. काही दिवसांनी बत्ता आपोआप स्वयंपाकघरात परत गेला, मी काही बोलले नाही.

मला तेव्हा कळलं की हे टीव्हीवर का जमत नाही. तिथे भूत त्याच्या वेळेने येतं, पोराच्या हातात काही नसतं. पुस्तकात पुढचं पान कधी येणार हे पोर ठरवतं, शिवाय किती पानं उरलीत हे अंगठ्याला कळतं. तुम्हीच सांगितलं होतंत की बरीचशी चित्रपुस्तकं 32 पानांची असतात, मोठ्या कागदाला घड्या घालून 16-16 पानांचे फर्मे निघतात म्हणून तो आकडा बसलाय. पण लेकराच्या दृष्टीने बघितलं तर तेवढ्यात भीती सुरू होऊन संपते सुद्धा, आणि संपल्या संपल्या ते "परत वाच" म्हणतं. दहाव्यांदा वाचताना तेच पोर आपल्याला दटावतं, आई थांब, आता ते डोळे येणारेत! ज्याला पुढचं माहितीये त्याला कशाची भीती.

आणि तुमची निवड काकू! बाजारात गोड गोड भुतांची पुस्तकं ढीगभर मिळतात, गुलाबी गालांची, पहिल्या पानापासून हसणारी. ती वाईट नाहीत पण आमच्या लेकीला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही कारण तिचं भूत तसं नव्हतंच. थोडं खरोखर घाबरवणारं लागतं आणि मग त्याच पुस्तकात खळखळून हसवणारं लागतं, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलंय.

तुम्ही तिला मॉरिस सेंडाक या अमेरिकन लेखक-चित्रकाराचं पुस्तक दाखवलंत तो दिवस पण लक्षात आहे. 1963 चं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', आई चिडून जेवण न देता झोपायला पाठवते तो मॅक्स आणि त्याचे ते शिंगंवाले, नख्यावाले राक्षस. तुम्ही इंग्रजी बाजूला ठेवून सरळ आपल्या मराठीत सांगत गेलात आणि मधली ती तीन जोडपानं आली जिथे एकही शब्द नाहीये, नुसता धिंगाणा, तिथे गप्प बसलात. लेक उठून नाचायला लागली! मग तुम्ही सांगितलंत की सेंडाकला आधी रानटी घोडे काढायचे होते पण घोडे काही जमेनात, म्हणून त्याने लहानपणी रविवारी घरी येणाऱ्या आपल्या नातेवाईकांना, ते गालगुच्चे घेणारे आणि खाऊन टाकीन म्हणणारे, त्यांनाच राक्षस करून टाकलं. त्या काळी मोठ्या माणसांनी त्या पुस्तकावर बरीच नाकं मुरडली, पोरं घाबरतील म्हणून, आणि 1964 ला त्यालाच अमेरिकेतलं चित्रपुस्तकांचं मोठं कॅल्डकॉट मेडल मिळालं. हे ऐकून लेकीने घरी येऊन जे भूत काढलं त्याला सिडकोतल्या मामाच्या मिशा होत्या. मामाने ते फ्रेम करून घेतलंय.

आपल्याकडे नाकं मुरडणारे आहेतच. तुमच्यासमोरच एका गृहस्थांनी म्हटलं होतं, मुलांना भुताखेताचं वाचायला देता, ही अंधश्रद्धाच झाली. तुम्ही शांतपणे म्हणालात की बागुलबुवा येईल म्हणून पोरांना गप्प आपणच बसवतो, मग तो बागुलबुवा पायमोजे शोधत फिरताना दिसला तर काय बिघडलं? मला तर वाटतं ज्या पोराने भुताला एकदा हसून घेतलं त्याला पुढे कुणी बुवाबाबा सहज घाबरवू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहिते. लेक जेव्हा बिबट्याला घाबरायला लागली तेव्हा तुम्ही गमतीचं पुस्तक काढलं नाहीत. नाशिकमध्ये बिबट्या खरंच येतो, मळ्यात येतो, कधी कॉलनीत पण शिरतो, सगळ्यांच्या मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. तुम्ही तिला खाली बसवून नीट सांगितलंत, अंधार पडल्यावर एकटं बाहेर जायचं नाही, मोठ्यांसोबत राहायचं, दिसला तर त्याच्या मागे धावायचं नाही, वनविभागाला 1926 वर फोन करायचा असतो आणि ते काम मोठी माणसं करतात. ही भीती खरी, ती कॉटखालची वेगळी. साडेचार-पाच वर्षांच्या पोराला, त्यातून ते घाबरलेलं असेल तर, मनातलं आणि खरं दरवेळी वेगळं करता येतंच असं नाही हो, त्याला ते कुणीतरी असं हाताला धरून दाखवावं लागतं.

मागच्या महिन्यात आम्ही पांडवलेणीला गेलो होतो. त्या पायऱ्या चढून वर गेलं की एका लेण्यात आत भिक्षूंच्या छोट्या छोट्या खोल्या आहेत ना, दगडी ओटे असलेल्या, दोन हजार वर्षांचा अंधार साठलाय असं वाटतं. मी मुद्दाम तिचा हात सोडला नव्हता. तिनेच सोडवून घेतला, एका खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली आणि आत डोकावून मोठ्याने विचारलं, "कोणी आहे का? जेवलात का?" आवाज घुमून परत आला तशी दोन पावलं मागे आली, माझ्याकडे बघितलं, आणि परत जाऊन विचारलं, "भाजी कुठली होती?" तिथे आलेले लोक हसत होते, मला मात्र रडू यायला लागलं.

अजूनही रात्री पॅसेजचा छोटा लाईट लागतो तिला, लागू दे. ट्यूबलाईट बंद झाली, बॉल स्वतः काढते, एवढं पुष्कळ आहे.

तर काकू, थँक्यू. तुम्ही फी घेत नाही हे माहितीये म्हणून दुसरं सांगते. स्टोरीवीव्हर या मुलांच्या मोफत पुस्तकांच्या वेबसाइटवरची मराठी पुस्तकं तुम्ही स्वतःच्या खर्चाने प्रिंट काढून स्टेपल करता, ते काम आता माझ्याकडे द्या, ऑफिसजवळ कलर प्रिंट स्वस्तात होते. कॉटखालच्या भुताची मधली पानं पार सुटलीत, ती शिवून आणते, आणि हे वाचणाऱ्या कुणाकडे पोरं मोठी झाल्यामुळे पडून असलेली चित्रपुस्तकं असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा, शनिवारी स्कूटरवर येऊन घेऊन जाईन आणि काकूंच्या कपाटात नेऊन ठेवीन. फाटकी असली तरी चालतील, भुताची असली तर आधी द्या.

तुमची,
दोन दातवाल्या भुताच्या मैत्रिणीची आई