मानशीच्या दारात

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलायचं मी मुद्दाम टाळलं. फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतोस आणि बोलणं पावसावर, जेवणावर येऊन थांबतं. म्हणून लिहायला बसलो.

चतुर्थीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण फोंड्याहून परतताना बाणस्तारीच्या पुलावर तू गाडी थांबवायला लावलीस. निर्माल्याची पिशवी घेऊन उतरलास आणि गाठ मारलेली तशीच कालव्यात भिरकावलीस. "पिशवी तरी सोडवायची रे," मी म्हटलं. तू म्हणालास, "सगळेच टाकतात बाबा. माझ्या एका पिशवीने काय होतंय?" मी गप्प बसलो. घरचं निर्माल्य इतकी वर्षं मीही त्याच पुलावरून सोडत आलोय, त्यामुळे माझी जीभ उचलली नाही. पूर्वी ते केळीच्या पानात बांधलेलं असायचं, एवढाच काय तो फरक.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर सर्वपित्री अमावस्येच्या रात्री मिळालं.

कालव्याला एका बाजूने मांडवीची भरती येते, दुसऱ्या बाजूने जुवारीची. पुलावरून पडलेली वस्तू लगेच समुद्रात जात नाही, दोन्हीकडच्या पाण्याबरोबर पुढे-मागे फिरत राहते. त्या रात्री बाराच्या सुमारास मोठी भरती होती. आपल्या मानशीचं, म्हणजे शेताच्या बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार तू लहानपणी पाहिलंयस. ओहोटीला शेतातलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं, भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं. ना मोटर, ना वीज. पण त्या रात्री ते मिटलंच नाही. मध्ये चार बोटं फट राहिली आणि खारं पाणी शेतात शिरलं.

आम्ही तिघं होतो. पाण्याचा जोर इतका, की भरतीत हात घालायची सोय नव्हती. पहाटे ओहोटी लागेपर्यंत बॅटऱ्या धरून बांधावर बसून राहिलो. मग दारातून जे ओढून काढलं ते फणसाएवढं होतं. पिशव्या, थर्माकोल, वेफर्सची पाकिटं, कुजलेली झेंडूची फुलं आणि या सगळ्याला आवळून बसलेली नायलॉनची दोरी. ती माटोळीचीच, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतो त्या चौकटीचीच असणार, कारण तिच्यात सुपारीच्या शिपटाचा, घोसाचा, तुकडा अजून अडकून होता. आजोबा माटोळी केवणीच्या झुडपाच्या सालीने बांधत. ती साल पाण्यात पडली तर कुजून जायची. आता वेळ कुणाला आहे, म्हणून आम्हीच बाजारातून नायलॉन आणू लागलो.

ती पिशवी तुझीच होती असं मी म्हणत नाही. कुणाची होती ते कधीच कळणार नाही, आणि मला त्याचाच त्रास होतो. खालच्या तीन कुणग्यांमध्ये, शेताच्या तुकड्यांमध्ये, पाणी भरलं. दाणा भरायची वेळ होती. कोरगूट जातीचं भात असतं तर त्याने खारं पाणी थोडंफार सोसलं असतं, पण आपण ज्योती जात लावली होती. ती पिवळी पडली. त्यातली एक कुणगी शेजाऱ्याची आहे. त्याने या साली पुलावर पाऊलही ठेवलेलं नाही.

तू म्हणतोस, आपल्या लोकांना शिस्त नाही, ती बाहेरच्या देशात. मला हे पटत नाही. 1526 मध्ये अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराचे, रिवाज लिहून काढले, त्याच्याही आधीपासून इथले लोक खाजनाचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतीचे, बांध सांभाळत होते. बांध म्हणजे काय, तर चिखल, पेंढा आणि दगड. खेकड्याने, कुर्लीने त्यात बीळ केलं तरी बांध जाऊ शकतो. म्हणून चालता चालता बीळ दिसलं तर ते बुजवायचं, शेत कुणाचंही असो, हे आजोबांनी मला शब्दात कधी सांगितलं नाही. ते वाकायचे, टाचेने चिखल दाबायचे आणि पुढे चालू लागायचे. 1964 चा कूळ कायदा आला तेव्हा बांध आता कुणी सांभाळायचे हा प्रश्न उभा राहिला आणि 1975 मध्ये त्यासाठी नियम झाले. त्यांचं नावच कुळांच्या संयुक्त जबाबदारीचं आहे. तरी आज कितीतरी खाजनं खाऱ्या पाण्याखाली आहेत. कूळ संघाच्या बैठकीला माणसं येत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहतोय.

गरिबीचं कारणही आता सांगता येत नाही. दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत आहे. दारादारांत दोन गाड्या आहेत. घाण पर्यटक करतात हे आपलं ठरलेलं वाक्य. ते करतातही, किनाऱ्यावर जाऊन कुणीही बघावं. पण कालव्यातलं निर्माल्य कुठल्या पर्यटकाने टाकलं? आणि हेल्मेट हाताच्या कोपरात अडकवून मोटारसायकल हाकणारी मुलं आपल्याच वाड्यावरची आहेत.

1976 मध्ये घटनेत मूलभूत कर्तव्यं आली. नद्या, तळी, जंगलं राखणं त्यात आहे. कर्तव्य मोडलं म्हणून केवळ त्या कलमाखाली कुणाला शिक्षा होत नाही. माझ्या मते ते एका परीने बरोबरच आहे. बीळ बुजवलं नाही म्हणून आजोबांना तरी कोण दंड करणार होतं?

गेल्या रविवारी ग्रामसभेला गेलो. तीन वर्षांनी गेलो, हे तुला सांगायला मला शरम वाटते. निर्माल्यासाठी पुलाच्या दोन्ही तोंडांना कुंड ठेवावं आणि त्याचं खत करावं, असा ठराव मांडला. चतुर्थीच्या दिवसांत आळीपाळीने तिथे कोण उभं राहणार, असं विचारल्यावर बराच वेळ कुणी बोलेना. मी माझं नाव दिलं. मागून एका बाईने हात वर केला, मग आणखी दोघांनी. तुझं नाव तुला न विचारता मी दिलेलं नाही.

दिवाळीला येशील ना? नरकासुराच्या रात्री जागायचं असेल तर जाग, पण पाडव्याच्या पहाटे मला तू हवा आहेस. अमावस्येची मोठी ओहोटी सापडेल आणि मानशीच्या बाहेर जाळी बसवायची आहे. बांबू तोडून ठेवलेत. दोरी मात्र केवणीची वळायची म्हणतोय. साल कशी सोलायची ते आईला येतं, ती शिकवेल. जुने गमबूट तुला आता होणार नाहीत, येताना नवे घेऊन ये.

तुझे,
बाबा